वृद्धनिवासात इनचार्ज म्हणून रुजू होताना

हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काढलेली सिस्टर वृद्धनिवासात इनचार्ज म्हणून आली, की पहिल्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकते. इथे डिस्चार्ज नसतो. ज्या खोलीत आपण बीपीचं यंत्र घेऊन जातो, ती कोणाची तरी राहती खोली असते. भिंतीवर त्यांचे फोटो असतात, उशाशी त्यांचा चष्मा असतो. कामाची पद्धत इथूनच बदलायला लागते.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मला बराच वेळ लागला. एका आजींना रोज अंघोळ घालणाऱ्या मावशी एकदा सकाळी मला म्हणाल्या, “आज त्यांनी मला नावाने हाक मारली नाही.” ताप नव्हता, बीपी ठीक होतं, मी ‘बघू’ म्हणून पुढे गेले. संध्याकाळपर्यंत आजींचा श्वास वाढला आणि न्यूमोनियाचं निदान झालं. आजार सगळ्यात आधी मावशींना दिसला होता. त्यांनी तो सांगितलाही होता. तो पुढे डॉक्टरांपर्यंत नेणं माझं काम होतं आणि ते त्या दिवशी झालं नाही.

अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या माणसाला जे दिसतं ते त्याच दिवशी योग्य ठिकाणी पोहोचावं, यासाठी ड्युटी चार्ट, हँडओव्हर, नोंदवह्या हे सगळं असतं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

पहिला आठवडा: फक्त बघा

रुजू झाल्याझाल्या नवे नियम लावू नका. तिन्ही पाळ्यांत प्रत्यक्ष हजर राहा. एकदा रात्री तीन वाजता जा, कारण दिवसा न दिसणाऱ्या अडचणी तेव्हा दिसतात: कोण जागं आहे, कोण बेल न वाजवता एकटं बाथरूमकडे निघालं आहे, एकच मदतनीस दोन मजले कशी सांभाळते आहे. बेल वाजल्यापासून कोणीतरी पोहोचेपर्यंत किती मिनिटं लागतात, ते घड्याळ लावून मोजा आणि मोजताना कोणावर रागावू नका. जेवणाच्या वेळी कोपऱ्यात बसा. ताट समोर ठेवल्यावर अर्ध्या तासाने ते तसंच उचललं जातं का, हे बघा.

याच आठवड्यात तुमच्या भागातले परवान्याचे नियम वाचून घ्या. किती निवाशांमागे किती प्रशिक्षित नर्स हव्यात, नोंदी किती काळ ठेवायच्या, कोणत्या घटना अधिकाऱ्यांना कळवायच्या, हे ठिकाणानुसार वेगळं असतं.

प्रत्येकाची ‘नेहमीची स्थिती’ लिहून काढा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच आहे. एखाद्याची तब्येत बिघडली आहे हे ओळखायचं तर आधी ती कशी असते ते माहीत हवं. बदली नर्स पहिल्यांदा एखाद्या खोलीत गेली आणि आजोबा गोंधळलेले दिसले, तर ते नेहमीचेच तसे आहेत की आज सकाळपासून झालेत, हे तिला कागदावरून कळलं पाहिजे.

प्रत्येक निवाशासाठी एकच पान करा. चालतात कसे, वॉकर लागतो का, उठायला एक माणूस लागतं की दोन. ऐकू किती येतं, कोणत्या कानाने. शौचाला साधारण किती दिवसांनी होतं. वजन, बसून आणि उभं राहून घेतलेलं बीपी, निरोगी दिवशीचं टेंपरेचर. त्यांना कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. पूर्वी काय काम करत होते. आयुष्यभर रात्रपाळी केलेला माणूस पहाटे तीनला जागा असेल, तर त्याला झोपेची गोळी लागेलच असं नाही.

स्वावलंबन मोजायला बार्थेल इंडेक्स वापरा. १९६५ पासून वापरात असलेलं हे साधन सोपं आहे. खाणं, अंघोळ, कपडे, लघवी-शौचावरचा ताबा, जिने चढणं अशा दहा गोष्टींना मिळून १०० पैकी गुण देतात. एका आकड्यावर फार विसंबू नका. तीन महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा भरला की कोण कुठे घसरलं ते कळतं, खरा उपयोग तो आहे.

टेंपरेचर का लिहायचं? वृद्ध माणसाला मोठा संसर्ग होऊनही ताप फारसा चढत नाही. तोंडात मोजलेलं १०० फॅरनहाइट, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या टेंपरेचरपेक्षा २ अंश जास्त, इतकं दिसलं तरी तो ताप समजा. ज्यांचं नेहमीचं ९७ असतं, त्यांना ९९ ला ताप आहे. हे नेहमीचं ९७ लिहिलेलं नसेल तर रात्रीची नर्स ‘नॉर्मल’ लिहून मोकळी होईल, आणि त्यात तिची चूक नसेल.

केअर प्लॅन अशा शब्दांत लिहा की नव्या माणसाला तसंच करता येईल

‘पाणी भरपूर द्यावे’ या वाक्याचा कोणालाही उपयोग नाही. ‘दोन कान असलेल्या कपातून स्वतः पितात. कप उजव्या हाताला ठेवा, डावीकडचं दिसत नाही. दर दोन तासांनी आठवण करा’ असं लिहिलं, तर आज पहिल्यांदा आलेली मदतनीसही ते करू शकते. लिहून झालं की त्या निवाशाला वाचून दाखवा. ज्यांना सांगता येतं त्यांच्याशिवाय त्यांचा प्लॅन ठरवू नका. दर महिन्याला, आणि पडल्यावर किंवा हॉस्पिटलमधून परत आल्यावर त्याच दिवशी, प्लॅन पुन्हा बघा.

ड्युटी चार्ट: डोकी मोजण्याआधी काम मोजा

वीस निवासी आणि चार मदतनीस, म्हणजे प्रत्येकीला पाच, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो. प्रत्यक्षात त्या वीसपैकी सहा जणांना उठवायला दोन माणसं लागतात आणि तिघांना पूर्ण भरवावं लागतं. त्यामुळे आधी यादी करा: दोन माणसं लागणारे कोण, भरवावं लागणारे कोण, रात्री कूस बदलावी लागणारे कोण, एकटे सोडता न येणारे कोण. मग दिवसाच्या कोणत्या तासाला जास्त हात लागतात ते बघा. सकाळी उठल्यापासून नाश्ता होईपर्यंतचा वेळ आणि संध्याकाळचा वेळ सगळ्यात जड असतो. स्मृतिभ्रंश असलेल्यांची बेचैनी बहुधा संध्याकाळीच वाढते, आणि पाळी बदलण्याची वेळही तीच ठेवलेली असेल तर दोन्ही अडचणी एकदम येतात. शक्य असेल तर पाळी अर्धा-एक तास मागेपुढे करा.

दोन नियम मात्र मोडू देऊ नका. एखाद्याची कूस बदलायला दोन माणसं लागत असतील तर त्या मजल्यावर रात्री एकच व्यक्ती ठेवू नका. ती एकटीने उचलायला जाईल, तिची कंबर जाईल आणि निवाशाची कातडी सोलली जाईल. आणि रात्रपाळी करून गेलेल्या व्यक्तीला दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला बोलावू नका, कितीही अडलं तरी. अडणार हे गृहीत धरून बदली माणसांची यादी महिना सुरू होण्याआधी तयार ठेवा.

शक्यतो त्याच मदतनीसांना तेच निवासी द्या. दर आठवड्याला फिरवाफिरव केली तर सगळ्यांना सगळं येतं, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. ‘आज नावाने हाक मारली नाही’ हे सांगायला रोज हाक ऐकलेली असावी लागते. एखादा निवासी फार जड असेल तर त्याच्यासाठी दोन-तीन ठरलेली माणसं आलटून पालटून ठेवा, म्हणजे कोणी थकून जाणार नाही.

हँडओव्हर

पाळी बदलताना पंधरा-वीस मिनिटं राखून ठेवा, आणि ती दोन्ही पाळ्यांच्या पगारी वेळेत धरा. फुकट थांबायला लावलं तर हँडओव्हर दारातच उरकला जातो. मावशींना त्यात बसवा. बऱ्याच ठिकाणी नर्स नर्सशी बोलतात आणि मावशी बाहेर उभ्या असतात. असं झालं की सगळ्यात ताजी माहिती दाराबाहेरच राहते.

खोली क्रमांक एकपासून सुरुवात करून सगळ्यांचं ‘ठीक, ठीक, ठीक’ म्हणत जाऊ नका. आधी ज्यांच्यात बदल झालाय त्यांच्याबद्दल बोला: कोणी कमी खाल्लं, कोणी पडलं, कोणाचं औषध बदललं, कोण आज गप्प आहे. मग बाकीचे. शेवटी दोन्ही पाळ्यांनी मिळून निदान जोखमीच्या खोल्यांतून एक फेरी मारावी.

डॉक्टरांना फोन करताना चार टप्प्यांत बोलण्याची एसबार ही पद्धत सगळ्या नर्सना शिकवा. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून ती आरोग्यसेवेत आली. आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. नव्या नर्स चौथा टप्पा गाळतात. ‘सर, आजोबा जरा बरे नाहीत’ एवढं सांगून गप्प बसतात. ‘तासाभरात येऊन बघाल का, की हॉस्पिटलला हलवू?’ हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे. तो तुम्ही उघडपणे द्या, आणि फोनवर कोणी त्यांच्यावर ओरडलं तर पुढचा फोन तुम्ही करा.

रोजची देखभाल

कातडी. अंघोळीच्या वेळी माकडहाड, कंबरेची हाडं, टाचा, कोपर, डोक्याचा मागचा भाग बघायचे. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागेही. लाल दिसलेल्या जागी बोट दाबून उचला. लाली क्षणभर जाऊन परत आली तर कातडी अजून शाबूत आहे, फक्त तिथला दाब काढा. दाबूनही लाली जात नसेल तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या भागाशी तुलना करा: जागा जास्त काळसर, गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते का. अशा जागेवर चोळून मालीश करू नका, आतली इजा वाढते. मधे भोक असलेली गोल गादीही वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आवळला जातो.

स्वतः हलू न शकणाऱ्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, इथून सुरुवात करा आणि कातडी बघून वेळ कमी-जास्त करा. पूर्ण कुशीवर झोपवलं तर कंबरेच्या हाडावर भार येतो. पाठीला उशी लावून साधारण ३० अंशांचा तिरकेपणा पुरे. टाचांखाली उशी ठेवण्यापेक्षा पोटरीखाली ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. एअर मॅट्रेस आली म्हणजे कूस बदलायची नाही, असा गैरसमज फार पसरलेला आहे, तो पहिल्याच महिन्यात दूर करा. जोखीम मोजायला ब्रेडन स्केल आहे: ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी आले तर जोखीम धरा.

पाणी आणि खाणं. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणून ‘हवं असेल तर मागतील’ हे इथे चालत नाही. बायकांना दिवसाला साधारण १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर पेयं पोटात जावीत असं धरतात. हृदय किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तीच पाळायची. वजन महिन्यातून एकदा त्याच काट्यावर, त्याच वेळी घ्या. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट म्हणजे धोक्याची खूण. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो गेले तर कपडे सैल होतात, आणि ते आधी कपडे घालणाऱ्या मावशींनाच कळतं.

भरवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि त्यानंतर अर्धा तास तसाच राहू द्यावा. घासागणिक खोकला, बोलताना आवाज ओलसर घरघरीत होणं, गालात अन्न साठवणं दिसलं तर थांबा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. दोन वेळा तोंड स्वच्छ करा, कवळी रात्री काढून ठेवा. तोंडातले जंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात गेले की न्यूमोनियाला वाट मिळते.

पडणं. कोणी पडलं की ‘लक्ष नव्हतं’ असं लिहून विषय संपवू नका. वेळ, जागा, पायांत काय होतं, चष्मा होता का, बाथरूमची घाई होती का, गेल्या आठवड्यात नवं औषध सुरू झालं का, हे लिहा. आडवं असतानाचं आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतलं बीपी घ्या. वरचा आकडा २० ने खाली आला तर उठताना चक्कर येण्याचं कारण तेच असू शकतं. पडलेल्या माणसाला घाईने ओढून उभं करू नका, आधी शुद्ध, मान, कंबर, पायांची लांबी बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला असेल तर वरून बरे दिसत असले तरी हॉस्पिटलला पाठवा.

कॉटचे कठडे लावले की काम झालं, असं वाटतं. गोंधळलेला माणूस त्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो. खाली नेता येणारी कॉट, रात्रीचा मंद दिवा आणि ठरलेल्या वेळी बाथरूमला नेणं, हे जास्त उपयोगी पडतं. बांधून ठेवणं हा उपाय धरूच नका.

औषधं. योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चुका होतात त्या निवासी हॉस्पिटलमधून परत आल्यावर, जुन्या आणि नव्या यादीचा मेळ न घातल्यामुळे. परत आलेल्या प्रत्येकाच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवा आणि फरक डॉक्टरांना विचारा. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटण्याआधीही विचारा, हळूहळू विरघळणारी गोळी कुटली तर सगळी मात्रा एकदम रक्तात जाते. पार्किन्सनच्या गोळीला ठरलेली वेळ म्हणजे तीच वेळ. इन्सुलिन दोघींनी तपासूनच. शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत, गिळता येण्यासारखा असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडाने काहीही घालू नका, थेट मदत बोलवा.

वृद्धांना जपून द्यायच्या औषधांची बीअर्स यादी १९९१ मध्ये पहिल्यांदा आली, ती नर्सिंग होममधल्या लोकांसाठीच. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या किती जणांना चालू आहेत ते एकदा मोजा आणि दर काही महिन्यांनी डॉक्टरांसोबत बसून त्या अजून लागतात का ते बघा. तुमच्या हुकमाने काही बंद करू नका.

‘हट्टी झालेत’ हा शब्द नोंदवहीतून काढा

हट्टी, चिडचिडे, नाटकी असं लिहिलं की पुढचा विचारच थांबतो. ‘अंघोळीला उजवा हात वर केल्यावर ओरडतात’ असं लिहिलं तर खांदा दुखतोय हे कोणालाही सुचतं. बोलता न येणाऱ्यांच्या वेदनेसाठी पेनॅड नावाचा तक्ता आहे. श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल, समजूत घातल्यावर शांत होतात का, हे बघून ० ते १० गुण देतात.

एक-दोन दिवसांत अचानक झालेला गोंधळ हा स्मृतिभ्रंश वाढल्याचा भाग समजू नका. ते डेलिरियम असू शकतं आणि त्यामागे काहीतरी कारण असतं: संसर्ग, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं, नवं औषध, कधी फक्त बंद पडलेलं श्रवणयंत्र. आरडाओरडा करणारे लगेच लक्षात येतात. जे गप्प होतात, दिवसभर झोपून राहतात, ते ‘शांत आहेत’ म्हणून सुटून जातात. माझ्या अनुभवात जास्त नुकसान याच लोकांचं होतं. मात्र लघवीच्या तपासणीत जंतू सापडले म्हणजे कारण सापडलं, असंही नाही. वृद्धनिवासात बऱ्याच जणांच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू असतात.

हात

निवाशाला स्पर्श करण्याआधी, स्वच्छ प्रक्रियेआधी, शरीरातल्या द्रवाचा संबंध आल्यावर, स्पर्शानंतर आणि त्यांच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर हात स्वच्छ करायचे. सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६०. जुलाबाची साथ असेल तर साबणच. एका जोडी हातमोज्यांवर चार खोल्या फिरणं आढळलं तर तिथल्या तिथे थांबवा.

चूक सांगणाऱ्याला सांभाळा

एखादी नर्स स्वतःहून येऊन म्हणाली, “माझ्याकडून गोळी चुकीच्या आजींना गेली,” तर तुमचं पहिलं वाक्य काय असतं, त्यावर पुढची दहा वर्षं ठरतात. आधी “आजी आत्ता कशा आहेत?” विचारा. डॉक्टरांना आणि नातेवाईकांना कळवा. मग दोघी बसून ती गोळी का चुकली ते शोधा: सारखी नावं, मधेच आलेला फोन, अंधारी खोली. सगळ्यांसमोर बोललात तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही.

हात उगारणं, हिसडा देणं, घाणीत पडू देणं, पैशाला हात लावणं हे मात्र चुकीत मोडत नाही. संशय आला तरी त्या व्यक्तीला लगेच त्या ड्युटीवरून दूर करा, निवाशाला सुरक्षित करा, लिहून ठेवा आणि कायद्याने जिथे कळवायचं तिथे कळवा. ती व्यक्ती कितीही जुनी असो.

ठरवू द्या

१९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये एक प्रयोग केला. एका गटाला रोजच्या गोष्टी स्वतः ठरवायला सांगितलं आणि सांभाळायला एक रोप दिलं. दुसऱ्या गटालाही रोप दिलं, पण त्याची काळजी कर्मचारी घेतील असं सांगितलं. पहिल्या गटातली माणसं जास्त उत्साही आणि हिंडतीफिरती झाली. आपल्याकडे वेळ नसतो म्हणून आपण शर्टाची बटणंही त्यांच्याऐवजी लावून टाकतो. पाच मिनिटं जास्त गेली तरी ती त्यांना लावू द्या. कोणता शर्ट, अंघोळ सकाळी की संध्याकाळी, दार उघडं की बंद, हे विचारायला पैसे लागत नाहीत.

नातेवाईक

प्रत्येक कुटुंबातला एक माणूस संपर्कासाठी ठरवा. पडणं, नवी जखम, औषधातली चूक हे त्याच दिवशी तुम्ही स्वतः कळवा, त्यांना भेटीत दिसायच्या आत. चिडलेल्या मुलीच्या रागात बहुधा आईला इथे ठेवल्याची खंत मिसळलेली असते. तिला बसायला द्या आणि पूर्ण ऐकून घ्या.

शेवटचे दिवस

हॉस्पिटलला हलवायचं की इथेच ठेवायचं, कोण जवळ हवं, काय नको, हे निवासी बोलू शकत असतानाच विचारून डॉक्टरांच्या सहीने फाइलमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता नवी नर्स हा निर्णय घेऊ शकत नाही. अखेरच्या दिवसांत खाणं-पाणी आपोआप कमी होतं. जबरदस्तीने भरवू नका, तोंड ओलं ठेवा, वेदना आणि श्वासाच्या त्रासासाठी डॉक्टरांकडून औषधं आधीच लिहून घ्या.

माणूस गेल्यावर नातेवाईकांना फोन होतो, कागद होतात, खोली साफ होते. चार वर्षं रोज अंघोळ घालणाऱ्या मावशींना मात्र ते दुसऱ्या दिवशी पाळीवर आल्यावर रिकामी कॉट बघून कळतं. त्यांनाही त्याच रात्री फोन करा. यायचं असेल तर येऊ द्या, शेवटची अंघोळ घालायची असेल तर घालू द्या. आणि त्या खोलीत नवीन निवासी येणार असतील, तर त्यांची ड्युटी लावण्याआधी मावशींना एकदा विचारा.